घर-अंगण : लव्हाळ्याचे मुद्दल

ज्येष्ठ सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. यंदाही ती आली आहे, आणि एकदा नव्हे, तीनदा. पावसाच्या दोन सरी पडल्या, हिरवळ तजेलदार झाली आणि तिच्यातून जागोजागी गडद, चकचकीत पाती चार बोटे वर आली. यंत्र फिरवून सारे एकसारखे केले, तर तिसऱ्या दिवशी नेमकी तीच पाती पुन्हा डोके वर काढून उभी! माळीबुवा म्हणतात, "गवतातच गवत आहे, काय बिघडले?" एका भगिनींनी मात्र पत्राबरोबर ते रोप तुऱ्यासकट वहीच्या पानात दाबून पाठविले, हे फार बरे केले. सुकलेल्या त्या दांड्यावरून बोट फिरविले आणि शंका उरली नाही. हा लव्हाळा.

वाचकहो, लव्हाळा हे गवत नव्हे. दिसतो गवतासारखा, वाढतो गवतात, पण त्याचे कूळ निराळे आणि त्याची कार्यपद्धतीही निराळी. गवत समजून त्याच्यावर उपाय करावयास जाणारा माणूस हटकून फसतो. आम्ही स्वतः तीन वेळा फसलो आहोत, म्हणून हे अधिकाराने लिहितो.

आधी ओळख. गवताच्या काडीला उसासारखी पेरे असतात. लव्हाळ्याच्या तुऱ्याचा दांडा बुडापासून शेंड्यापर्यंत सलग असतो, त्यावर एकही पेर नसते. आणि तो त्रिकोणी असतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून तो फिरवून पाहा. गोल काडी बोटांत सहज घरंगळते, हा दांडा तीन कडांवर अडखळतो. ब्लेडने आडवा छेद घेतला तर तीन कोपरे डोळ्यांनीच दिसतात आणि आत पोकळी नसून भरीव गर असतो. तुरा आलेला नसेल तर रोपाकडे बरोबर वरून पाहावे. गवताची पाने दोन बाजूंना फुटतात, लव्हाळ्याची तीन दिशांना. पात्याच्या मध्यावर पन्हळीसारखी खोलगट रेघ असते. तुरा आला की तो तांबूस तपकिरी, छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरलेला, आणि त्याच्या खाली दोन-चार हिरवी पाने पसरलेली. शेवटची आणि सर्वांत खात्रीची खूण जमिनीत आहे. ओल्या मातीत खुरप्याने खोल जाऊन रोप अलगद उचलावे. खाली काळपट, खरबरीत साल असलेली, बोराएवढी किंवा त्याहून लहान गाठ निघाली आणि ती नखाने खरवडल्यावर सुगंध आला, तर निवाडा झाला. हाच तो मोथा. वैद्यांची मुस्ता ती हीच.

याच्याशी ज्याची गल्लत होते ती हरळी. हरळी जमिनीवरून सरपटते, पेरापेराला मूळ धरते, आणि तिच्या तुऱ्याला एकाच टोकातून फुटलेली तीन ते सहा बारीक बोटे असतात. पान जेथे काडीला मिळते तेथे केसांची एक नाजूक झालर दिसते. हरळीचे नशीब मोठे विचित्र आहे. देवघरात ती दूर्वा, अंगणात ती हिरवळ, आणि गुलाबाच्या वाफ्यात शिरली की तीच तण. तिच्याविषयी स्वतंत्र लिहावे लागेल. 1977 साली लीरॉय होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिले स्थान लव्हाळ्याला आणि दुसरे हरळीला आहे. म्हणजे जगातील पहिले दोन मानकरी आपल्या दारात नांदतात! पावसाळ्यात उगवून पावसाळ्यातच संपणारी इतर लहानसहान गवते राहिली. ती बी धरण्यापूर्वी उपटली की प्रश्न मिटतो. त्यांच्यासाठी जागा खर्चत नाही.

आता आमची हकीकत. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही बार्शीच्या पेठेतील दुकानावरचे राहते घर सोडून गावाबाहेर बांधलेल्या घरात राहावयास गेलो. वडिलांच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली होती. त्यांना सकाळी अनवाणी फिरता यावे म्हणून पुढच्या अंगणात हिरवळ करावी, ही धाकट्या बंधूंची हौस. एका रोपवाटिकेतून गालिच्याच्या गुंडाळ्या आल्या आणि त्याखाली पसरण्यासाठी ओढ्याकाठच्या गाळाच्या मातीची एक ट्रॉली. आम्ही कापडाचे व्यापारी. ताका उलगडून, उजेडात धरून, काठ तपासून घेतल्याशिवाय माल दुकानात चढवीत नाही. ती ट्रॉली मात्र एकानेही ओंजळभर माती हातात न घेता उतरवून घेतली. स्वस्त मिळाली, याचाच आनंद होता.

पहिल्या पावसाळ्यात हिरवळीवर लव्हाळ्याचे बेट उठले. वहिनींनी दोन बायका लावून ते उपटून घेतले. हातात येत होती ती पाती आणि बोटभर पांढरा देठ. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग बंधूंनी चिडून तेवढा तुकडा कुदळीने खणून, ढेकळे फोडून, माती सारखी करून टाकली. त्यानंतर जे उगवले ते आधीच्या दुपटीहून अधिक होते. आम्ही समजलो, बी पडले असावे.

बी नव्हते. लव्हाळ्याच्या तुऱ्यात बी धरते, पण रुजणारे फार थोडे. त्याचा सारा व्यवहार जमिनीखाली चालतो. एका गाठीतून दोऱ्यासारखे मूळखोड निघते, थोडे पुढे जाऊन फुगते आणि दुसरी गाठ होते, तिच्यापासून तिसरी. अशी ती माळ मातीत पसरत जाते. बहुतेक गाठी वरच्या वीतभर थरात असतात, काही फूट-सव्वा फूट खोलही जातात. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात, पण माळ अखंड असताना पुढच्या टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, आणि मागच्या अनेक गाठी निजून राहतात. कुदळीचा घाव बसला, माळ तुटली, की तो दाब संपतो आणि निजलेली एकेक गाठ स्वतंत्रपणे उगवते. आमच्या बंधूंनी एका माळेचे वीस धनी करून ठेवले होते.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर वरची पाती म्हणजे व्याज आणि खालची गाठ म्हणजे मुद्दल. आम्ही व्याज खुडत होतो, मुद्दल जमिनीत सुरक्षित होते. आणि ज्या दिवशी ते मुद्दल फोडले त्या दिवशी ते गुंतवणुकीसारखे वाढले.

तिसरी फसगत सर्वांत वाईट. खताच्या एका दुकानात कोणीतरी टू-फोर-डी या तणनाशकाची शिफारस केली. हे औषध रुंद पानांच्या तणांसाठी आहे. गवत सहसा ते सोसते, म्हणून हिरवळीला धोका नाही, एवढेच आमच्या कानांनी ऐकले. श्रावणातल्या एका उघडिपीच्या दुपारी, ऊन आणि वारा दोन्ही असताना, आमच्या गड्याने ते फवारले. लव्हाळ्याची पाती पिवळी पडली, आम्ही समाधानाने पाहिले. तीन आठवड्यांनी ती पुन्हा हिरवी होऊन वर आली, कारण गाठींपर्यंत म्हणावा तसा परिणाम गेलाच नव्हता. मधल्या काळात कुंपणापलीकडे मात्र अनर्थ झाला होता. शेजारच्या काकूंनी फाटकावर द्राक्षाचा वेल चढविला होता, त्याखाली टोमॅटोची दहा-बारा रोपे होती. टोमॅटोची पाने दोरीसारखी पिळवटली. वेलाची कोवळी पाने मिटलेल्या पंख्यासारखी आखडली. द्राक्ष, टोमॅटो आणि कापूस या तिन्ही पिकांना हे औषध अगदी अल्प मात्रेतही सोसत नाही. आणि त्याचा एस्टर हा प्रकार तर उन्हात वाफ होऊन दूरवर जातो. हे सारे डबीवरील कागदात होते. तो कागद आम्ही नंतर वाचला.

वडील स्वतः शेजारी जाऊन आले. काकू काही बोलल्या नाहीत, हेच अधिक लागले. त्या वर्षी त्यांच्या वेलाला घड आले नाहीत. त्या संध्याकाळी आईने आम्हा दोघा भावांना बोलावून एवढेच सांगितले, "काढायचंच असेल तर हातानं काढा, बघून काढा. फवाऱ्याला डोळे नसतात." खुरप्यालाही कधी गांडूळ लागते, हे तिलाही ठाऊक होते. पण खुरपे जेथे हात नेईल तेथेच जाते.

तेथून पुढे जी पद्धत आम्ही पाळली ती दोन वर्षांची आहे. कोणी दोन महिन्यांची सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

गाठीतून कोंब निघतो तेव्हा तो आईच्या दुधावर वाढणाऱ्या बालकासारखा गाठीतील साठ्यावर वाढतो. साधारण पाच-सहा पाने होईपर्यंत तो गाठीकडून घेतच असतो. त्यानंतर पाती कमावू लागतात, खाली शिल्लक टाकतात आणि नव्या गाठी धरू लागतात. म्हणून कोंब पाच पानांचा होण्याआधी काढला तर गाठीचा खर्च होतो, जमा काहीच होत नाही. पावसाळ्यात आणि उष्ण दिवसांत याचा अर्थ दर पंधरा दिवसांनी एक फेरी. ओल्या मातीत, खुरप्याचे टोक कोंबाच्या लगत सरळ खाली घालावे आणि गाठीसकट उचलण्याचा प्रयत्न करावा. गाठ आली तर उत्तम; तुटली तरी खेद करू नये, पुढच्या फेरीला ती पुन्हा खर्चात पडेल. पक्व गाठ दहा-बारा वेळांपर्यंत फुटू शकते, मात्र प्रत्येक वेळी कोंब आधीपेक्षा दुबळा असतो. फेरी चुकली की तोच दुबळा कोंब कमावता होतो आणि मागचे सारे श्रम बुडतात.

पहिल्या वर्षी नेमके तेच झाले. आषाढापासून भाद्रपदापर्यंत फेऱ्या नियमित झाल्या. वडील खुर्ची टाकून अंगणात बसत आणि जुन्या वहीत रोजमेळासारखी नोंद ठेवीत: अमुक तिथी, दोन घमेली, अमुक तिथी, दीड, अमुक तिथी, पाऊण. मग दिवाळीचा धंदा सुरू झाला. आश्विन-कार्तिकात कापडाच्या दुकानातील माणसाला अंगण आठवत नाही. पाच आठवड्यांनी पाहिले तो तुरे डोलत होते, आणि वहीत पुन्हा दीड घमेले लिहावे लागले. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी तो हंगाम असाच धावपळीचा असतो, म्हणून मुद्दाम सांगतो: त्या दोन महिन्यांसाठी हे काम आधीच कोणा विश्वासू माणसाकडे सोपवून ठेवावे.

दुसरा उपाय चैत्र-वैशाखातला, आणि आमच्यासारख्या कोरड्या मुलखात हाच खरा हुकमी. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट करून हरळी-कुंद्याच्या काशा वेचतात, त्यातलीच ही रीत. जो तुकडा सर्वाधिक बाधलेला असेल त्याचे पाणी आधी तोडावे. मग वरची हिरवळ सोलून काढावी, सव्वा फूट माती उकरावी आणि मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून चाळावी. खणल्याने माळा तुटतात हे खरे, म्हणून अर्धवट खणणे घातक. पण खणून, चाळून, वेचून गाठी बाहेर काढल्या आणि उरल्यासुरल्या कोरड्या मातीत उन्हात पडू दिल्या, तर तेच खणणे उपकारक ठरते. भेद पाण्याचा आहे. खणल्यानंतर महिनाभर त्या जागी थेंबही पडता कामा नये. वेचलेल्या गाठी गच्चीवर पत्र्यावर पातळ पसरून दोन आठवडे, अधूनमधून हलवीत, कडकडीत वाळवाव्यात. गाठ सुकली की मरते. ओलसर राहिली तर जिवंत असते. त्या खताच्या खड्ड्यात कधीही टाकू नयेत, नाहीतर पुढच्या वर्षी खताबरोबर साऱ्या बागेत वाटल्या जातील. कोकणात किंवा जेथे वळवाचा भरवसा नाही तेथे हा उपाय लंगडा पडतो. तेथे फेऱ्यांवरच भिस्त ठेवावी.

एक अडचण आपल्या घरांतील आहे, तिचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. चातुर्मासात हिरव्यावर पाय न ठेवण्याचा नेम अनेक घरी असतो. आमच्या आईचाही होता. लव्हाळ्याच्या वाढीचे नेमके तेच चार महिने. अशा घरांनी पावसाळ्यातल्या फेऱ्यांचा आग्रह न धरता वैशाखातील खणणीवर सारा भर द्यावा आणि हिरवळच लहान करावी. आम्ही शेवटी तेच केले. अर्ध्या अंगणात फरशी घातली. कुंपणालगतच्या पट्ट्यात दाट सावली देणारी झाडे लावली, कारण लव्हाळ्याला सावली मानवत नाही. उरलेल्या हिरवळीच्या मधून फरशीची पायवाट नेली. वडिलांचे फिरणे त्या लहान तुकड्यावर उत्तम चालले. मोठी हिरवळ ही खरे म्हणजे पाहुण्यांना दाखविण्याची वस्तू आहे, असे माझे मत तेव्हापासून झाले. बंधूंना ते अजून मान्य नाही.

हिरवळ राखताना आणखी दोन पथ्ये. ती मुंडण केल्यासारखी कापू नये. दाट आणि थोडी उंच हिरवळ स्वतःच खालच्या कोंबांवर सावली धरते. आणि सांजसकाळ पाणी सोडण्याची सवय मोडावी, कारण दलदल लव्हाळ्याच्या पथ्यावर पडते. वाफ्यात काळे प्लास्टिक अंथरण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. इतर तणांना तो लागू पडतो, पण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि प्लास्टिक भेदून वर येतो. आम्ही ते पाहिले आहे.

औषधांविषयी विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. लव्हाळ्याच्या गाठीपर्यंत पोहोचणारे औषध अस्तित्वात आहे. हॅलोसल्फ्यूरॉन मिथाईल हे त्याचे नाव, आणि उसाच्या फडात ते वापरले जाते. पण त्याची मात्रा एकरी अवघी 36 ग्रॅम. आपले हजार चौरस फुटांचे अंगण असेल तर हिशेबाने एक ग्रॅमही भरत नाही. घरात ते मोजणार कशाने? अंदाजाने दुप्पट-तिप्पट पडणार, हे ठरलेले. ग्लायफोसेट तर लव्हाळ्याबरोबर हिरवळही मारते, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. मोठ्या संस्थेचे आवार असेल आणि हाताने काम होणे अशक्य असेल, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊनच पाऊल टाकावे. घरच्या अंगणासाठी मला त्याची गरज वाटत नाही.

राहिला खरेदीचा प्रश्न, म्हणजे जेथे आम्ही प्रथम चुकलो तो. माती घेण्यापूर्वी तिचा नमुना मागवावा; दोन-तीन ठिकाणची, थोडी खोलातली माती घमेल्यात घालून, ओली ठेवून, उन्हात पंधरा दिवस वाट पाहावी. गाठी असतील तर कोंब दिसतील. थंडीत मात्र ही कसोटी खरी मानू नये, गाठी निजलेल्या असतात. गालिच्याची गुंडाळी उतरवताना ती उलटी करून तळ पाहावा, पांढरे दोरे आणि काळ्या गाठी तेथे लपतात. कुंडीतील रोप आणले तर कुंडीच्या कडेने फुटलेले एखादे "गवत" दुर्लक्षू नये. शेणखताचेही तसेच. विकणाऱ्याला राग येईल असे वाटत असेल, तर आपल्या दुकानात गिऱ्हाईक ताका उलगडून पाहते तेव्हा आपल्याला राग येतो का, हे आठवावे.

आमच्या अंगणात लव्हाळा संपला का, असे पत्रलेखक भगिनींनी विचारले आहे. संपला असे म्हणणार नाही. दुसऱ्या वर्षाच्या कार्तिकात वडिलांनी वहीत "मूठभर" असे लिहिले आणि त्यानंतर मोजणे सोडून दिले. नळापाशी, जेथे ओल कायम असते, तेथे दर आषाढात सात-आठ कोंब येतात. या आठवड्यात सहा आले, काढले. काकूंचा वेल पुढच्या चैत्रातील छाटणीनंतर सरळ पानांनी फुटला. त्यानंतरच्या पहिल्या हंगामात त्यांनी द्राक्षांचे एक ताट आमच्याकडे पाठविले, तेव्हा वडिलांनी ते आधी कपाळाला लावले.

हरळी गुलाबाच्या वाफ्यात शिरली असेल तर काय करावे, ते पुढील अंकी.